आधी साबण, मग ठकी

तात्यांच्या घरी चहा प्यायचा तर आधी हात धुवावे लागतात. कोपरापर्यंत, साबण लावून, आणि तात्या समोर उभे राहून बघत असताना. आमच्या कळस गावच्या सरपंचांनाही यातून सूट नाही.

तात्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, जखमा धुऊन पट्ट्या बांधायचे. नोकरी संपली, पण जंतूंचा पिच्छा काही त्यांनी सोडला नाही. कुणी कुत्र्याकडून गाल चाटून घेताना दिसला, की त्याला भर रस्त्यात धरतात. "आरं, त्याच्या तोंडात काय काय ऱ्हातंय म्हाईत हाय का? आदी साबण, मग लाड." स्वतःची मांजर, ठकी, तिला कुरवाळून झालं की तेही हात धुतात. ठकी दिवसातून वीसदा मांडीवर येते, त्यामुळे हात कायम भेगाळलेले.

कुत्रं चावलं की आमचे लोक इंदापूरचा दवाखाना गाठतात. मांजर चावली तर वर चुना फासून उसात कामाला जातात. यावर तात्या खवळतात. "मांजराचा दात म्हंजी सुई. भोक वर बुजतं, जंतू आत ऱ्हात्यात." शाळेत मी बाई, पण हा धडा माझ्या वर्गाला त्यांनीच येऊन शिकवला. माझ्यापेक्षा बरा शिकवला, हे कबूल करणं मला आजही जड जातं.

गेल्या महिन्यात तात्यांचा उजवा हात भाकरीसारखा फुगला. मुलगा पुण्याहून आला. हात बघून म्हणाला, "हे मांजराचं काम असंल, तर आजच तिला पोत्यात घालून नीरा नदीपलीकडं सोडतो."

मुलानं आणि मी तात्यांना इंदापूरला नेलं. "काय लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाभळीचा काटा."

डॉक्टर तसं लिहू लागले. मला भयंकर राग आला. शेजारी शेजारी दोन बारीक भोकं, आणि म्हणे काटा. मी मुलाला पाण्याची बाटली आणायला पिटाळलं.

"तात्या, खरं सांगा. हात जाईल."

"म्हाईत हाय, बाई." मग डॉक्टरांना म्हणाले, "मांजर चावली, सायेब. तिच्या घशात हाड अडकलं हुतं, ते काढाय गेलतो. तिची चूक न्हाय. पर पोराला सांगू नगा. घरात बोलाय तेवढीच हाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. डॉक्टरांनी औषध बदललं, इंजेक्शन दिलं.

मुलगा बाटली घेऊन आला. "काय निघालं, बाई?"

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करते.

"काटाच होता," मी म्हणाले.