बोरवनाचं मानाचं कवठ

बाळांनो, अंगावर शाल आणि हातात कवठ घेऊन तुम्ही कधी झाडावर चढला आहात का?

एका जंगलात झिपरी नावाच्या शेकरूला तसं चढावं लागलं. जंगल इवलंसं. नाव बोरवन. दर चार वर्षांनी महावनात सगळ्या जंगलांचे सामने भरत. आपलं बोरवन तिथे जाई आणि हात हलवत परत येई.

यंदा महावनाचा निरोप आला होता. बोरवनाच्या एका तरी खेळाडूने शर्यत पुरी करावी, नाहीतर पुढच्या वेळी बोलावणं नाही.

झिपरीला ते फार लागलं. गेली तीन वर्षं ती रोज पहाटे सागावर चढ-उतर करत होती. घोरपडकाकू बुंध्याशी बसून तिला शिकवत.

पण बोरवनाची एक रीत होती. कुणी कुठे निघालं की आधी त्याचा सत्कार. शाल आणि श्रीफळ. नारळ तिथे होत नसत, म्हणून कवठ. शेवटच्या महिन्यात झिपरीचे सव्वीस सत्कार झाले. सराव राहिला तो राहिलाच.

पथक महावनात पोहोचलं. खेळाडू एक, शिकवणाऱ्या काकू एक, सत्कार समिती अठरा जणांची. शर्यत झाडाचा शेंडा गाठायची होती. झिपरी झाडाखाली उभी राहिली, तोच समितीचे अध्यक्ष रानडुक्कर भाऊसाहेब शाल घेऊन पुढे आले.

पंच होता सारस. तो गोंधळला. "अहो, सत्कार जिंकल्यावर करतात ना?"

"जिंकायची वाट बघत बसलो असतो," भाऊसाहेब म्हणाले, "तर आमच्याकडे आजवर एकही सत्कार झाला नसता."

त्यांनी झिपरीला शाल पांघरली, हातात कवठ दिलं आणि भाषण सुरू केलं. शिटी वाजली. बाकीचे सरसर चढले. वडीलधारं बोलत असताना निघायचं कसं? झिपरी मान तुकवून उभी.

"चढ गं बये," काकू कुजबुजल्या. "ते काही थांबायचे नाहीत."

झिपरी निघाली. शाल पायात येई. कवठाने एक हात अडलेला. अर्ध्यावर ती अडकली. बाकीचे तोवर चढून उतरलेसुद्धा.

"टाक ते कवठ," काकू खालून म्हणाल्या.

"मानाचं आहे, काकू. टाकायचं कसं?"

"मान मी झेलते खाली. तू वर जा."

झिपरीने डोळे मिटले आणि कवठ सोडलं. काकूंना ते झेलता आलं नाही. भाऊसाहेबांच्या पायाशी पडून ते फुटलं. मागोमाग शाल आली. झिपरीने शेंडा गाठला. सगळ्यांत शेवटी, पण गाठला. सारसाने बोरवनाचं नाव यादीत राखलं.

भाऊसाहेबांनी फुटक्या कवठाकडे पाहिलं. "बघा," ते समितीला म्हणाले, "माझ्या पायाशी श्रीफळ वाढवलं, तेव्हा कुठे पोरीची वाट मोकळी झाली."

समितीने टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या. बोरवनात हातांना ती सवयच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरवनात भाऊसाहेबांचा सत्कार झाला. तबक झिपरीने धरलं.

तात्पर्य : शेंड्यावर पोहोचणाऱ्याने वेळेत खाली यावे. तबक धरायला कुणीतरी लागते.