यशोवर्धनने बेरोजगारी निवडली

"या खेळात माणसं झोंबींमुळे मरत नाहीत, मूर्खपणामुळे मरतात!" हे वाक्य यशोवर्धनने त्या आठवड्यात इतक्या जणांना ऐकवलं होतं, की ऑफिसच्या कँटीनमध्ये तो ताट घेऊन आला की आजूबाजूची टेबलं भराभर रिकामी व्हायची.

खेळ ऑनलाइन होता. शहरात रोगाची साथ येते, माणसं मरतात आणि मेलेली माणसं उठून जिवंतांना चावत सुटतात. अशा शहरात आपण तग धरून दाखवायचा. जीव एकच! गेला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सगळी मेख सुरुवातीला. आपलं पात्र साथीच्या आधी कोण होतं ते निवडायचं. पोलीस, सुतार, नर्स, स्वयंपाकी... आणि सगळ्यात खाली, कोणी ढुंकूनही बघत नाही असा एक पर्याय, बेरोजगार.

"लोक बंदुकीच्या मोहाने पोलीस घेतात," यशोवर्धन समजावायचा. "पण नोकरी घेतली की पॉइंट कापले जातात! बेरोजगाराचे सगळे शिल्लक. वर दमा, बहिरेपणा, व्यसन असले दोष अंगावर घेतले की आणखी मिळतात. त्यातून पाहिजे ती ताकद घ्या. साधं गणित आहे!"

नवा सर्व्हर शुक्रवारी दुपारी उघडणार होता. यशोवर्धनने सुट्टी टाकली. बायकोला, भूमिकाला, मात्र 'आज घरून काम आहे' एवढंच सांगितलं. ती नेहमीप्रमाणे लॅपटॉपची बॅग घेऊन येलहंक्याच्या ऑफिसला निघाली. बंगळुरात इलेक्ट्रॉनिक सिटीतून येलहंका म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा गेलेलं माणूस दिवेलागणीशिवाय परत दिसत नाही! यशोवर्धनने निर्धास्तपणे हेडफोन चढवले आणि नागपूरच्या आपल्या कॉलेजमित्राला, शुभंकरला, खेळात जोडून घेतलं.

नेमके त्याच वेळी त्याचे सासरे हंबीरराव दाराबाहेर बेल वाजवत होते.

हंबीररावांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बंगळुरात. मल्लेश्वरममध्ये घर, कारखान्यात फोरमन म्हणून उभी हयात गेलेली. एकुलत्या एका मुलीने नागपूरचा मुलगा आणला, तेव्हा ते कितीतरी महिने नुसतं "बघू" म्हणत राहिले होते. शेवटी होकार दिला तो एकाच गोष्टीवर. "मुलगा स्वल्प बडबड्या आहे, पण नोकरी पक्की आहे!" आज बाजारात अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, कोवळ्या शेंगा दिसल्या, म्हणून पिशवी भरून ते इतक्या लांब आले होते. बेल कोणी ऐकेना, तेव्हा भूमिकाने देऊन ठेवलेल्या किल्लीने त्यांनी दार उघडलं.

जावई पाठमोरा बसून जोरजोरात बोलत होता. समोरच्या पडद्यावर काय आहे ते हंबीररावांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, आणि शुभंकरचा आवाज तर फक्त हेडफोनमध्येच होता.

"नाही बे! नोकरीबिकरी काही नाही. मी बेरोजगार व्हायचं ठरवलंय. फायनल!"

हंबीरराव जागच्या जागी थिजले.

"दमा तर घेतलाच आहे. आता कानाने कमी ऐकू येतं, तेही घेतो. अन् सिगरेटचं व्यसन... हो बे, लावून घेऊ! भूमिकाला? पागल आहेस का? तिला आजचं कळलं तर ती मला घरात घेणार नाही!"

हंबीररावांनी भिंतीचा आधार घेतला.

"मग पहिले शेजारच्या घरात घुसू. खिडकी फोडायची, खायचं सामान उचलायचं. म्हातारी आडवी आली तर डोक्यात तवा! अन् म्हातारा मागून आला, तर तू धर, मी हाणतो!"

मागून आलेल्या म्हाताऱ्याने पिशवी अलगद खाली ठेवली आणि मांजराच्या पावलांनी तो उलटा बाहेर पडला. लिफ्टची वाट बघायचंही त्याला सुचलं नाही. जिन्याने खाली उतरून, फाटकाजवळच्या बाकावर बसून हंबीररावांनी घरी बायकोला, अंबुबाईंना, फोन लावला.

"जावईबापूंनी नोकरी सोडली!"

"अगबाई!"

"दमा झालाय. कान गेलेत. सिगरेट ओढतात. आणि आता दरोडा घालणार आहेत."

"दरोडा? कुठं?"

"शेजारी!"

"अहो, शेजारी त्या अलकाबाई राहतात! त्यांच्या सासूला तर धड चालताही येत नाही!"

हंबीरराव घाम पुसेपर्यंत अंबुबाईंनी फोनवर फोन केले होते. अलकाबाईंना 'स्वल्प दार लावून घ्या, कारण विचारू नका' असं बजावलं, भूमिकाला रडत रडत सगळं सांगितलं आणि शेवटी आपल्या भावाला, गुंडोमामांना, कामाला लावलं.

वर यशोवर्धनचा बेरोजगार, दमेकरी, अर्धवट बहिरा नायक नुकताच खेळात उतरला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू! ऐकू येतंय काय?" अंबुबाई इतक्या जोरात ओरडल्या की फोन हातातून निसटला.

"येतंय की, आई!"

"हळू बोला हो, दम लागेल! सगळं ठीक होणार. सरी, बरं? ठेवते!"

तो चक्रावून फोनकडे बघतोय, तोवर दुसरा वाजला. "मी गुंडोमामा. हे बघा, लाजायचं काही कारण नाही. लग्नाच्या कल्याण मंडपात माझं जेवणाचं काम असतं. सांबार वाढणाऱ्यांवर नजर ठेवायला माणूस पाहिजे. कन्नड येत नसली तरी चालतं, नुसते डोळे वटारायचे! सोमवारपासून या."

"मामा, पण मी कशाला..."

"विचार करून सांगा. जेवण आमच्याकडेच!"

यशोवर्धन डोकं खाजवत उठला. दारात शेंगांची पिशवी! कोण आलं होतं म्हणून तो बाहेर डोकावला, तर शेजारच्या घरात आधी एक कडी लागली, मग दुसरी, मग काहीतरी जड फर्निचर सरकवल्याचा आवाज आला. आणि जिन्यातून धापा टाकत हंबीरराव वर येत होते. चेहरा असा, की जणू कोणाला तरी स्मशानात पोचवून आले आहेत.

"अण्णा! तुम्ही? लिफ्ट..."

"काही बोलू नका. तुम्हाला दमा आहे." हंबीररावांनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि खुर्चीत बसवलं. स्वतः मात्र उभेच राहिले. "मी सगळं ऐकलंय. खाली बसून विचारही केला. मुलगी दिली तेव्हा मी तुमची नोकरी बघितली, खोटं कशाला बोलू? पण नोकरी जाते, पुन्हा येते. मल्लेश्वरमचं घर आहे. वरची खोली रिकामी आहे. दोघं या, पाहिजे तितके दिवस राहा. चोरी मात्र करू नका! आमच्या घराण्यात कोणी केली नाही."

आपण नक्की काय केलंय ते यशोवर्धनला कळत नव्हतं, तरी त्याने मान डोलावली.

इतक्यात दार धाडकन उघडलं. भूमिका! केस विस्कटलेले, बॅग खांद्यावरून घसरलेली. "तू नोकरी सोडलीस? मला न विचारता? आता आपण करायचं काय?"

"कोणी सोडली?" यशोवर्धन किंचाळला.

"तुम्हीच म्हणालात की! बेरोजगार व्हायचं ठरवलंय म्हणून!" हंबीरराव म्हणाले.

आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने सासऱ्यांना हाताला धरून पडद्यासमोर आणलं, त्यांच्या खिशातला चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि एकेक ओळ बोटाने दाखवली. हा बेरोजगार. हा दमा. हे कान. ही मेलेली म्हातारी, जी शेजारच्या घरात असते आणि चावते!

हंबीररावांनी प्रत्येक ओळ स्वतः पुन्हा वाचली. "म्हणजे नोकरी आहे?"

"आहे, अण्णा! आज नुसती सुट्टी टाकलीय. हे खेळायला." शेवटचे शब्द त्याने भूमिकाकडे न बघता, अगदी बारीक आवाजात उच्चारले.

हंबीररावांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. ते धप्पकन खाली बसले, पाणी प्यायले आणि मग कपाळाला आठ्या घालून लेकीकडे वळले.

"पण तू येलहंक्याहून इतक्यात कशी आलीस? हेलिकॉप्टरनं काय?"

बंगळुरात तीनशे-चारशे वर्षं राहिलेल्या घराण्याला रस्ते फसवू शकत नव्हते.

भूमिका मटकन बसली. "ऑफिस नाहीये, अण्णा. महिना होत आला. आमची सगळी टीमच काढली. रोज दोन गल्ल्या सोडून एका कॉफीच्या दुकानात बसते आणि अर्ज करते. तुम्ही पक्की नोकरी, पक्की नोकरी म्हणत असता. माझीच गेली, हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि आईचा फोन आला, तेव्हा वाटलं, आता दोघांचीही गेली!" ती हमसून रडायला लागली.

यशोवर्धनने तिच्या शेजारी बसून हात धरला. "मला तरी सांगायचंस ना!"

"तू तरी सुट्टीचं सांगितलंस का?"

हंबीररावांनी घसा साफ केला. "मघाशी जावईबापूंना जे बोललो ना, ते सगळं तुझ्याचसाठी होतं असं समज. परत परत बोलायला मला दम नाही. जिने चढून आलोय." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

भूमिका रडता रडता हसली. महिनाभराचं ओझं एका झटक्यात उतरल्यासारखी ती उठली, तोंड धुऊन आली आणि आईला फोन करून सगळं सांगितलं. यशोवर्धन अलकाबाईंच्या बंद दारापुढे हात जोडून उभा राहिला. आतलं सोफ्याचं धूड बाजूला व्हायला बराच वेळ लागला!

संध्याकाळी शेंगा सोलत तिघं पडद्यासमोर बसले. हंबीररावांनी जाहीर केलं, "मलाही घाला त्यात."

"कोण होणार, अण्णा?"

त्यांनी यादी दोनदा वाचली. "यात पेन्शनर नाही काय?"

"नाही."

"मग सुतार करा. कष्टाचं काम आहे."

सुताराने कुऱ्हाड घेतली, घराला फळ्या ठोकल्या आणि डबाबंद जेवण गोळा केलं. जावई थक्क! पण इतक्यात खेळातल्या दारावर थाप पडली. यशोवर्धन "उघडू नका!" म्हणून ओरडेपर्यंत हंबीररावांनी दार सताड उघडलं होतं. झोंबी चावला आणि सुतार जागच्या जागी खलास!

"अण्णा, उघडलंत कशाला?"

"म्हणजे?" हंबीरराव चष्मा काढत दुखावल्या स्वरात म्हणाले. "दारात माणूस आलंय. आत या म्हणायला नको काय?"