फादर साळवे आणि आमची भांडणं

आमच्या घरात भांडण सुरू झालं, की फादर साळवे वही घेऊन येतात.

धायरीत आमची बिल्डिंग आणि चर्चनं फादरांना दिलेलं घर यांच्यामध्ये फक्त एक बोळ आहे. त्यामुळे माझा आणि बायकोचा, म्हणजे शैलाचा, आवाज त्यांना आयता मिळतो. पाच मिनिटांत बेल वाजते. फादर खुर्चीच्या कडेला बसतात, पेनाचं टोपण काढतात आणि आमच्या हिला म्हणतात, "वहिनी, आत्ता यांच्या आईवरून तुम्ही काय म्हणालात, ते पुन्हा एकदा. सावकाश."

सावकाश भांडून बघा कधी. जमत नाही.

फादर कॅथलिक. लग्न करणार नाही असं वचन देऊनच ते धर्मगुरू झाले. आणि चर्चमध्ये लग्न ठरलेल्या मुलामुलींना संसाराचे धडे द्यायचे कोणी? तर फादरांनीच! एकदा आयटीतली एक मुलगी वर्गात सरळ म्हणाली, "फादर, नो ऑफेन्स, पण तुम्हाला यातलं काय कळतं?" आपल्याला शिकवायचा हक्क तरी आहे का, या विचारानं फादरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे शिकायला आले.

मी पुण्याचा, त्यामुळे विचारलंच. "ही लग्नाची बंदी कशासाठी हो?"

"येशूनं लग्न केलं नाही, हे एक," फादर म्हणाले. "आणि एका घरात गुंतलेला माणूस सगळ्यांच्या घरी कसा धावणार? चर्चची जमीन फादरांच्या पोराबाळांच्या नावावर जाईल अशी पूर्वी धास्ती होती, असंही इतिहासवाले सांगतात. देवाची आज्ञा नाही ही, चर्चचा नियम आहे. पूर्वेकडच्या काही चर्चेसमध्ये फादरांना बायका-मुलं असतात."

"मग तिकडे जायचंत!" शैला म्हणाली.

"वचन इकडे दिलंय, वहिनी."

एका रविवारी विषय होता माझा ओला टॉवेल. तो मी लग्न झाल्यापासून पलंगावर टाकतो. शैला सुटली होती आणि फादर भराभर लिहीत होते. मधेच पेन थांबलं.

"काय झालं फादर? पुन्हा एकदा, सावकाश?" मी खवचटपणे विचारलं.

"नाही. मीपण पलंगावरच टाकतो."

"मग?"

"मग काही नाही. संध्याकाळी येतो, तर तिथेच असतो."

मला फार वाईट वाटलं. शैलाला वाईट वाटलं की ती चिडते. "ओला टॉवेल दिवसभर गादीवर? काय हे फादर! उद्यापासून सकाळी सातला गॅलरीत वाळत दिसला पाहिजे. मी इथून बघणार आहे."

हे मात्र फादरांनी लिहून घेतलं नाही. वही मिटून नुसतं "बरं" म्हणाले.

पुढच्या वर्गात त्यांनी त्या मुलीला आपण होऊन उत्तर दिलं. "मला यातलं थोडंच कळतं. पण घरी कुणी ओरडायला असेल, तर वेळेवर घरी जात जा."

आता रोज सातला समोर टॉवेल दिसतो. आठवड्यातून एखादा दिवस मात्र दोरी रिकामी असते आणि फादर हात मागे बांधून उगाच आमच्या खिडकीकडे बघत उभे असतात. "फादर! टॉवेल!" शैला अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडते. मग ते खुशीत हसतात आणि पाठीमागे लपवलेला टॉवेल काढून दोरीवर टाकतात.