जोडकामाचा तास

एका जंगलात, बाळांनो, वाघापेक्षा घंटेचा धाक मोठा होता.

घंटा म्हणजे सुतारपक्षी. त्यानं वाळक्या सागावर चोच आपटली की शाळेतला एक तास संपायचा आणि दुसरा लागायचा. शाळा मधल्या वयाच्या पोरांची. आईचं दूध सुटलेलं, पण स्वतःचा जीव सांभाळायची अक्कल अजून आलेली नाही, अशी पोरं. हरणांची, रानडुकरांची, सशांची.

सांबरमास्तर वास हुंगायला शिकवायचे. वानरगुरुजी चढायला. पाणमांजरबाई पोहायला. तिघंही आपापल्या कामात तरबेज. पण मास्तरांच्या तासाला कुणी फांदीला हात लावला तर ओरडा बसायचा. आणि पाण्यात कुणी नाक वर करून हुंगलं तर बाई म्हणायच्या, "नाकाचं काम मास्तरांकडं. इथं पाय हलव."

एका उन्हाळ्यात वणवा आला.

भुरी सशिणीची लेक ठिपकी तेव्हा डोहात पोहत होती. धुराचा वास तिला सगळ्यांच्या आधी आला. पण हुंगण्याचा तास लागायचा होता. पोर शिस्तीची, गप्प राहिली. घंटा झाली तशी पाण्याबाहेर आली आणि रांगेत चालत नेमकी धुराकडंच गेली, कारण हुंगण्याचा वर्ग त्याच अंगाला भरायचा. जीव वाचला, पण एक कान होरपळला.

भुरी तिला घेऊन थेट वाघोबाच्या दरबारात गेली.

"महाराज, माझी एक लेक शाळेत जाते, एक जात नाही. जात नाही ती पळाली. जाते ती भाजली. आता मी काय करू, सांगा."

वाघोबा विचारात पडला. विचारात पडला की तो मिशा चाटायचा, म्हणून भुरी जरा मागं सरली.

"आजपासून सगळे विषय एकत्र शिकवा," वाघोबानं हुकूम काढला.

"शिकवू की," वानरगुरुजी म्हणाले. "पण आम्ही तिघं कधी एका जागी बसलोच नाही. एक दुपार मोकळी द्या. बोलतो आणि ठरवतो."

कोल्हा प्रधान हसला. "गुरुजी, नुसतं बोलून कुठं काही होतं का? प्रशिक्षण लागतं."

आता आली का पंचाईत! आजार रेड्याला आणि डाग पखालीला.

पलीकडच्या तळ्यावरून एक बगळा बोलावला. त्यानं जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. पण एका पायावर, डोळे मिटून उभा राहायचा. त्यामुळं हा फार खोल विचार करतो असा बोभाटा होता. तसा तो मासे धरायचा, पण ते कोण बघतंय?

बगळेसाहेब आले. हार झाले, फराळ झाला. साहेब गळा ताणून म्हणाले, "विषयांच्या भिंती पाडायच्या आहेत! तर आता सगळ्यांनी आपापल्या विषयाप्रमाणं वेगळं बसून घ्या."

सांबरमास्तर गेले गवतात. वानरगुरुजी सागावर. पाणमांजरबाई डोहात. साहेब उडत उडत एकेकाकडं जायचे आणि तेच भाषण द्यायचे, "एक व्हा."

पाणमांजरबाईंनी डोकं वर काढलं. "साहेब, वानरगुरुजी काय शिकवतात ते मला ऐकायचं होतं."

"बाई, तो तुमचा विषय नाही."

"अहो, मग जोडू कशाला काय?"

"तेच तर शिकायचंय. डोळे मिटा."

बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा डोहातले मासे कमी झाले होते.

पण बाळांनो, कितीही वाईट शाळा असली तरी तिला मधली सुट्टी असते.

डोहावर एक उंबराचं झाड आडवं कलंडलेलं होतं. मधल्या सुट्टीत तिघं तिथं जमू लागले. वानरगुरुजी उंबरं पाडायचे. पाणमांजरबाई काही उंबर खात नसत, पण एखादं हातात धरून बसायच्या. बोलायला बरं पडतं.

"माझ्या तासाला पोरं पाण्यात उडी मारताना कचरतात हो," बाई म्हणाल्या.

"माझ्याकडं तर फांदीवरून उतरायलाच तयार नसतात," गुरुजी म्हणाले. "इथूनच पाण्यात सोडली तर?"

"आणि आधी वारा कुठला ते हुंगून घेतलं तर?" सांबरमास्तर रवंथ थांबवून म्हणाले. "नाक, मग खोड, मग पाणी."

तिघांनी लगेच ठिपकीला आणि तिच्या सोबत्यांना हाक मारली. नाक वर, खोडावरून पळत, बुडुक! पोरांना तर खेळच झाला. होरपळल्या कानाची ठिपकी सगळ्यात पुढं. भुरी झुडपाआडून बघत होती. पुष्कळ दिवसांनी तिनं निवांत पाला खाल्ला.

तेवढ्यात बगळेसाहेब आले. "हे काय चाललंय?"

"जोडतोय साहेब," गुरुजी म्हणाले.

"सुट्टीत? सुट्टीत शिकवणं नियमात बसत नाही. जा, आपापल्या जागी जाऊन एक व्हा."

शेवटी आदर्श पाठाचा दिवस उजाडला. वाघोबा स्वतः डोहाकाठी बघायला येणार. पाठाचं नाव 'वणवा'. साहेबांनी पोरांना पळसाची लाल फुलं लावून ज्वाळा केलं. एका पोरानं ज्वाळा मोजायच्या, एकानं ज्वाळेचं गाणं म्हणायचं, एकानं ज्वाळेची नीतिकथा सांगायची. झाले सगळे विषय एकत्र.

गाणं रंगात आलं आणि टेकडीमागून धूर आला. खरा.

वाघोबानं मान डोलावली. "वा! काय देखावा उभा केलाय! वाससुद्धा येतोय."

बगळेसाहेबांनी नम्रपणे मान झुकवली. "महाराजांची कृपा."

ठिपकीनं नाक वर केलं. मग साहेबांकडं बघितलं. आता हुंगायचं का गायचं? गाण्याची पाळी तिची होती. "अगं ठिपके!" भुरी किंचाळली. "पळ की!"

"पालकांनी पाठात बोलू नये," कोल्हा प्रधान म्हणाला.

तेवढ्यात मागून सांबरमास्तर ओरडले, "वारा टेकडीकडून! पाण्याकडं चला!" वानरगुरुजी म्हणाले, "उंबरावर!" पाणमांजरबाईंनी तर आधीच डोहात सूर मारला होता. "मारा उड्या, मी आहे!"

ठिपकी सुटली. तिच्यामागं हरणं, त्यांच्यामागं डुकरं. खोडावरून बुडुक, बुडुक, बुडुक. एकही पोर भाजलं नाही. बगळेसाहेब केव्हाच उडाले होते. वाघोबाची मात्र शेपटी जळाली, कारण तो टाळ्या वाजवत बसला होता.

धूर विरला तसा पुन्हा दरबार भरला.

"एवढी सगळी पोरं वाचली," कोल्हा प्रधान म्हणाला. "केवढं हे प्रशिक्षणाचं यश!"

बगळेसाहेबांना मानाची शाल मिळाली. तिघा शिक्षकांना ताकीद मिळाली, आदर्श पाठ अर्धवट टाकला म्हणून. आणि हे जोडण्याचं काम इतकं महत्त्वाचं ठरलं, की त्याचा एक वेगळाच विषय झाला. नाव 'जोडकाम'. तासाला बगळेसाहेब. तास कुठं बसवायचा, जागा कुठंय? मग मधली सुट्टी काढून टाकली.

भुरी एवढंच म्हणाली, "अहो, पोरं तर त्या सुट्टीनं वाचली!"

तिचं बोलणं कुठल्याच विषयात बसेना. त्यामुळं ते कुणी ऐकलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ठिपकी जोडकामाच्या तासाला बसली होती. बाहेर उंबरं पडून सडत होती. एकदम तिनं पाय वर केला.

"साहेब, धुराचा वास येतोय."

बगळेसाहेबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "वासाचं वासाच्या तासाला."

तात्पर्य: विषय जोडायचे असतील तर शिक्षकांना एकमेकांशी बोलू देऊ नये. बोलले, तर जोडायला मग साहेब कशाला लागेल?