चारला सुट्टी

ऑपरेशन दुपारी दोनला होतं आणि मराठीचे निवृत्त मास्तर सकाळपासून एका कुशीवर दहा मिनिटंही टिकले नव्हते. तीन दिवस नुसत्या तपासण्या! चार नंबरच्या खोलीतल्या छताचे पोपडे त्यांना पाठ झाले होते. अकराच्या सुमारास दाराबाहेर नर्स फोनवर म्हणाली, "हो रे बाबा, आज चारला सुट्टी. विचारलंय मी."

ती आपल्या मुलाशी त्याच्या शाळेबद्दल बोलत होती. मास्तरांना मात्र 'चारला'मधला चतुर्थीचा प्रत्यय इतका स्वच्छ ऐकू आला, की चार नंबरला, म्हणजे आपल्यालाच सुट्टी, यात शंकेला जागाच उरली नाही. फोन उशीखाली विसरून ते चपला घालून निघाले.

फाटकावर रखवालदाराने अडवलं. "आजोबा, सुट्टीचा कागद?"

"कागद कशाला? शब्दातच सगळं आलं. सुट्टी म्हणजे सुटणं. गाठ सुटते, शाळा सुटते. सुट्टे पैसेसुद्धा नोटेतून सुटलेलेच."

"ते खरं, पण..."

"पोट सुटतं, तेही त्यातलंच," मास्तर खाली बघत म्हणाले. रखवालदाराने पोट आत ओढलं, तेवढ्यात मास्तर बाहेर.

घराला कुलूप. बायको दवाखान्यात गेलेली. मास्तर पायरीवर बसले, उठले, जिना उतरले, पुन्हा चढले. शेजारीण डोकावली.

"अहो मास्तर, तुम्ही इथे? तिकडे सगळे शोधतायत तुम्हाला! काकूंचा फोन होता."

"शोधतायत कशाला? सुट्टी झाली मला!"

"मग काकू रडत का होत्या?"

मास्तर तसेच जिना उतरले. मिळेल त्या वाहनाने ते धापा टाकत परतले. चार नंबरच्या खोलीत त्यांच्या खाटेवर बायको झोपली होती.

"हळू," नर्स कुजबुजली. "तीन मजले पालथे घातले त्यांनी, गच्चीसुद्धा. प्रेशर केवढं वाढलं! तुमचं ऑपरेशन आता परवा."

बायकोने एक डोळा उघडला. "आलात?"

"अगं, चूक झाली माझी. कसं वाटतंय?"

"डॉक्टर म्हणाले, दोन दिवस नुसतं पडून राहायचं. पाण्याचा पेलाही उचलायचा नाही." तिने सुखाने पाय ताणले. "चादर जरा वर घ्या. आणि येरझाऱ्या घालायच्या असतील तर बाहेर घाला."

मास्तरांनी दार हलकेच लोटलं आणि ते बाहेरच्या बाकावर टेकले. बाक जुना होता, जरा हललं की करकरायचा. संध्याकाळपर्यंत तो एकदाही करकरला नाही.