नाव मिळेपर्यंत निरोगी

प्रगती ही प्रत्येक सजीवाची मूळ प्रेरणा आहे, आणि आमच्या ऊस संशोधन केंद्रात ती कुणी मनावर घेतली असेल तर उसावरच्या विषाणूने. मी तिथे एकोणीस वर्षं बेण्याची, म्हणजे लागवडीच्या कांड्यांची, प्रमाणपत्रं लिहितो. एवढा कामसू कर्मचारी दुसरा पाहिलेला नाही. (तो सजीव आहे का, यावर उपसमिती बसलेली आहे. बसलेलीच आहे.)

पूर्वी या विषाणूचे दोनच प्रकार होते. पानांवर पिवळे पट्टे उमटायचे, ऊस काठीसारखा राहायचा, संपलं. दोन प्रकारांवर केंद्र कसं चालायचं हो? वार्षिक अहवाल चार पानांत आटपायचा. मग साहेबांनी ठरवलं, केंद्राचं यश सापडलेल्या प्रकारांवरून मोजायचं. पुढच्या वर्षी सात सापडले, मग सोळा, यंदा एकेचाळीस. याच काळात निरोगी ऊस शंभरात नव्वद होता तो बावीसवर आला. पण तो तक्ता शेवटच्या पानावर असतो आणि तिथवर कुणी जात नाही.

नवा प्रकार सापडला की नामकरण समिती त्याला नाव देते. समितीत अकरा विद्वान आहेत, त्यामुळे सरासरी चौदा महिने लागतात. नियम सरळ आहे: ज्याला नाव नाही तो रोग नाही, आणि ज्या बेण्यात रोग नाही ते निरोगी. विषाणूला हे कुणी सांगितलं देव जाणे, पण तो दर तेरा महिन्यांनी बदलतो. (वेळेचं इतकं भान आमच्या वाहनचालकालाही नाही.) त्यामुळे एकोणीस वर्षांत एकही प्रमाणपत्र नाकारायची वेळ माझ्यावर आली नाही.

माझी थोरली बहीण तीन एकरांत ऊस लावते. गेल्या वर्षी लागवडीच्या कांड्या न्यायला ती केंद्रात आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"अरे, पाल्यावर पट्टे दिसतायत. लावू ना?"

मी नोंदवही पाहिली. त्या प्रकाराचा नमुना नामकरणाला गेलेला होता.

"ताई, कागदावर स्वच्छ आहे."

"कागद राहू दे. तू सांग."

"सही माझीच आहे."

"मग झालं तर," म्हणाली आणि कांड्या गाडीत भरायला लागली. कागद तिने वाचलाही नाही.

सात महिन्यांत तिचा ऊस जेमतेम गुडघ्याला लागला. केंद्राची गाडी गेली आणि शास्त्रज्ञ हरखूनच गेले: एका शेतात चार नवे प्रकार! साहेबांनी ताईला पुष्पगुच्छ दिला, पट्ट्यांचं पान हातात धरायला लावून फोटो काढला. तिने ऊस उपटायची परवानगी मागितली. अभ्यास पूर्ण होईपर्यंत एक कांडीही हलवायची नाही, असं तिला लेखी कळवलं. (पत्र मीच टाइप केलं. अक्षरं सुबक आली.)

तोवर विषाणू वाहून नेणारी मावा कीड उडून शेजारच्या चार शेतांत गेली होती.

"लोक माझ्याकडे बघून तोंड फिरवतात रे," ताई म्हणाली. "तुला माहीत होतं?"

मी तिला प्रमाणपत्राची मूळ प्रत दाखवली. तिने ती नीट घडी करून माझ्याच खिशात ठेवली आणि निघून गेली. मला लाज वाटली. ती कुठे नोंदवायची, यासाठी आमच्या फॉर्मवर रकाना नाही.

काल समितीची बैठक झाली. ताईने लावलेल्या त्या पहिल्या प्रकाराला अखेर नाव मिळालं. तो स्वतः आता तिच्या शेतात उरलेला नाही, तिथे त्याची मुलंबाळं नांदतात. पण नाव फार गोड आहे. अकराच्या अकरा विद्वानांनी टाळ्या वाजवल्या.

कोणतं नाव, हे ऐकायला तुम्ही जरा पुढे सरकलात. ताई माझ्याशी बोलते का, हे मात्र विचारलं नाहीत. या की मग, समितीत बाराव्या विद्वानाची जागा भरायची आहे.