नरसय्यांचं ‘दारम’

आमच्या लहान मुलांच्या दवाखान्यात नरसय्या लॅबमधून ओरडले, की नवा माणूस हमखास दार उघडायला उठायचा. ते ओरडायचे, “दारम!” तेलुगूत दारम म्हणजे दोरा. माणूस विणकराच्या घरचा. रक्त गोठताना धरणारा धागाही त्यांच्या लेखी दोराच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पोराच्या बोटाला टोचून केसासारख्या बारीक काचनळीत रक्त घ्यायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला नळीचा तुकडा मोडायचा. दोन तुकड्यांत धागा ताणला गेला की रक्त गोठलं. तापात अंगावर लाल ठिपके उठलेलं पोर किती आजारी आहे, ते डॉक्टर यावरूनही जोखायचे. त्या वेळी नरसय्यांशी बोलायची सोय नव्हती. मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी सुनावलेलं, “गप बसा की साहेब, सूत धरू द्या!” एक नवे डॉक्टर तर दोनदा उठून कंटाळले आणि तिसऱ्यांदा उघड्या दाराला वीटच लावून आले!

मी तिथं नर्स. दुसऱ्यांच्या आयांना धीर द्यायला मोठी पटाईत. पण माझीच सहा वर्षांची शकू तापली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि मीच डॉक्टरांच्या मागं मागं फिरायला लागले. “व्हायरल आहे, यावर औषध नाही. रक्त गोठतंय का बघत राहायचं,” डॉक्टर म्हणाले. दोन दिवस नळी संपायची, धागा काही धरायचा नाही. नरसय्या माझी नजर चुकवून जायचे. त्यांचा मला इतका राग यायचा म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी दुपारी लॅब दणाणली. “दारम वच्चिंदी! सिस्टर, दोरा आला!” नवे डॉक्टर या वेळी दाराकडे गेले नाहीत, थेट शकूच्या खाटेकडे धावले. मी वॉर्डात मधोमध उभी राहून हसत होते की रडत, देव जाणे.

शकू घरी निघाली तेव्हा मी नरसय्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि दचकलेच. बोटांची टोकं टोचून टोचून काळी पडलेली.

“अहो, हे काय?”

“पोरं विचारतात की, मामा, दुखतंय का म्हणून. मग आदी आपल्याला टोचायचं, मग सांगायचं. लेकराशी खोटं कसं बोलायचं?”

“आई, मी रोज फुंकर घालायचे त्यांना,” शकू म्हणाली.

“लई बरं वाटायचं, सिस्टर. घरी कोण हाय फुंकर घालायला?” नरसय्या हसत म्हणाले, आणि उगाचच एक बोट शकूपुढं धरलं.